चार कॅमेरे आणि एक सम : कथकच्या कार्यक्रमाचे कमी खर्चातले चित्रीकरण

कथकचा कार्यक्रम एकाच कॅमेऱ्याने टिपला, तर नाच दिसतो पण पाय दिसत नाहीत. आणि पायांसाठी कॅमेरा जवळ नेला, तर हस्तक (हातांच्या हालचाली), नजर आणि रंगमंचभर फिरणारी चाल हरवते. ठाण्याला नौपाड्यात माझी मुलगी ज्या वर्गात कथक शिकते, त्या वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाचे चित्रीकरण गेली काही वर्षे मी हौसेने करत आले आहे. यंदा तालमी सुरू होतानाच ताईंनी, म्हणजे मुलींच्या गुरूंनी, मला सांगून ठेवले होते, "या वेळी मला मुलींचे पाय हवेत. कोणाची तिहाई नेमकी समेवर येते आणि कोणाची केसभर आधी पडते, हे मला त्यांना पडद्यावर दाखवता आलं पाहिजे." (सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, आणि तिहाई म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा.) गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृह वर्गाला परवडणारे नव्हते, त्यामुळे कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता आणि चित्रीकरणासाठी वेगळी रक्कम ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. जवळ होते ते एवढेच : माझा मिररलेस कॅमेरा, एक जुना हँडीकॅम, माझा फोन, एका पालकांनी देऊ केलेला दुसरा फोन आणि एक हातात मावणारा ध्वनिमुद्रक.

चार यंत्रांनी एकाच वेळी टिपलेले चित्र एका धाग्यात ओवणे सोपे वाटते, कारण हल्ली संकलनाची प्रणाली ते काम एका बटणावर करून देते. भाषण, मुलाखत किंवा लग्नसमारंभ असेल तर तेवढ्यावर खरोखरच भागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीत चित्र आणि आवाज यांतली तफावत माणसाला कधी जाणवू लागते याच्या मर्यादा दिल्या आहेत : आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर ती लक्षात येते, पण उशिरा आला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जाते. आवाज प्रकाशाच्या मागूनच येतो, हे आपल्या कानाडोळ्यांच्या जन्मापासून अंगवळणी पडलेले असल्यामुळे ही सवलत उशिरालाच मिळते. तत्कारात, म्हणजे तालाचे बोल पायांनी वाजवताना, मात्र ती पुरत नाही. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची होते आणि चौगुनीत, म्हणजे एका मात्रेत चार पदाघात असताना, दोन पदाघातांमधले अंतर जेमतेम ६० मिलिसेकंद उरते. सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना दीड फ्रेमची गफलत झाली, तर पाय एका बोलावर दिसतो आणि ऐकू येतो त्याच्या शेजारचा बोल. ताईंना मुलींना जे दाखवायचे होते, ते अशा चित्रफितीवर दाखवणे अन्यायाचे झाले असते.

व्यावसायिक चित्रीकरणात यासाठी दोन वेगवेगळ्या गोष्टी वापरतात, आणि त्या एकच आहेत असा समज बराच पसरलेला आहे. टाइमकोड ही प्रत्येक फ्रेमला दिलेली ओळख असते : तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. ती ध्वनिरूपातही नोंदवता येते. अशा टाइमकोडात दर फ्रेममागे ८० बिट असतात, २५ फ्रेमच्या वेगाला सेकंदाला २००० बिट होतात, आणि हा खरखरीत आवाज ऐकू येण्याच्या टप्प्यातच असल्यामुळे माइकच्या जागी तार जोडून तो साध्या कॅमेऱ्यातही भरता येतो. जेनलॉक ही त्याहून निराळी सोय आहे. तिच्यामुळे सगळ्या कॅमेऱ्यांतली फ्रेम एकाच क्षणी सुरू होते. टाइमकोड फ्रेमला नाव देतो, जेनलॉक तिची वेळ बांधतो. जेनलॉकची सोय आमच्यासारख्यांच्या कॅमेऱ्यांत नसते, आणि टाइमकोड देणारे छोटे डबे उत्तम असले, तरी एकेका डब्याची किंमत पाच आकडी असते आणि चार कॅमेऱ्यांना चार डबे लागतात. एवढे पैसे असतील तर मी ते आधी चांगल्या माइकवर खर्च करीन, असे माझे मत आधीही होते आणि या कामानंतर ते पक्के झाले आहे.

त्यामुळे मी ठरवले की या कार्यक्रमापुरते घड्याळ एकच मानायचे, आणि ते ध्वनिमुद्रकाचे. कॅमेरे बंद पडतील, त्यांची बॅटरी बदलावी लागेल, त्यांच्या फायलींचे तुकडे होतील; ध्वनिमुद्रक मात्र पहिल्या घंटेपासून शेवटच्या टाळीपर्यंत न थांबता चालेल, आणि बाकी प्रत्येकाला त्याच्या काळावर बसवायचे. त्याच्या एका वाटेला साउंडवाल्यांच्या मिक्सरमधून आलेली लाइन घेतली, ज्यात तबला, संवादिनी आणि निवेदन होते. दुसऱ्या वाटेला रंगमंचाच्या पुढच्या कडेवर ठेवलेला, जमिनीलगतचा आवाज घेणारा चपटा बाउंडरी माइक जोडला, ज्यात पायांचा आवाज येणार होता. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झवर ठेवले, कारण व्हिडिओतल्या आवाजाची मोजणी त्याच दराने चालते आणि ४४.१ वरून रूपांतर करण्याची उगाच एक पायरी वाढत नाही.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत खरी मेहनत कार्यक्रमाच्या आधीची असते. सगळ्यांचा वेग २५ किंवा त्याच्या नेमक्या दुपटीने ५० ठेवायचा, हा पहिला नियम. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साध्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवले तर त्याची लहर चित्रात उतरत नाही, हाही २५ वर राहण्याचा लाभ आहे. हँडीकॅम जुन्या पाल पद्धतीचा असल्याने तो सेकंदाला ५० अर्धचित्रे घेणारा होता. तो जसा होता तसा चालला. अडचण फोनची होती. फोनचे मूळ कॅमेरा ॲप बहुधा ३० फ्रेम घेते, आणि तीही अंदाजाने : उजेड कमी झाला की ते प्रत्येक फ्रेमला थोडा अधिक वेळ देते, मग कधी २९, कधी २४ फ्रेम पडतात. याला बदलता फ्रेमदर म्हणतात, आणि रंगमंचावर उजेड सतत बदलत असल्यामुळे कथकच्या चित्रीकरणात तो फार त्रास देतो. माझ्या फोनवर मी ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप घेतले, त्यात ५० फ्रेम, शटर, उजेडाची मर्यादा आणि फोकस सगळे कुलूपबंद केले, आणि हाच फोन पायांसाठी नेमला. ५० फ्रेमला एक फ्रेम २० मिलिसेकंदांची होते, म्हणून जिथे बारकावा सर्वांत अधिक हवा तिथे दुप्पट वेग लावणे शहाणपणाचे. दुसरा फोन पालकांच्याच हातात त्यांच्या सवयीच्या ॲपवर चालणार होता, तेव्हा त्याच्याकडून पायांच्या नेमकेपणाची अपेक्षा मी ठेवली नाही.

त्यानंतर घरी एक परीक्षा घेतली. मिररलेस अर्ध्या तासाने आपोआप थांबतो, म्हणून तो वगळून बाकी सगळी यंत्रे एका खोलीत मांडली, तासाहून थोडा अधिक वेळ ती अखंड चालू ठेवली, आणि आरंभी व शेवटी सगळ्यांपुढे दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटल्या. आरंभीचा आवाज नेमका जुळवल्यावर तासाने हँडीकॅम ध्वनिमुद्रकापेक्षा दोन फ्रेम मागे पडलेला दिसला. फोनचा फरक एका फ्रेमच्या आत होता. दोन फ्रेम म्हणजे ८० मिलिसेकंद, आणि ३६०० सेकंदांत ८० मिलिसेकंद म्हणजे दहा लाखांत साधारण २२ भाग. प्रत्येक यंत्रातला काळ क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या कंपनांवर मोजला जातो आणि स्वस्त स्फटिकात एवढा फरक असणे अगदी स्वाभाविक आहे. टाइमकोडच्या डब्यांत तापमानाची दुरुस्ती केलेले स्फटिक असतात म्हणूनच ते दिवसभरात फ्रेमभरही हलत नाहीत. तापमानाबरोबर साध्या स्फटिकाची चाल बदलते, त्यामुळे घरच्या उकाड्यात मिळालेला आकडा वातानुकूलित सभागृहात जसाच्या तसा लागू होईल असे धरता येत नव्हते. पण कोणाची चाल किती बिघडते याचा अंदाज आला, आणि कार्यक्रमाच्या शेवटीही खूण घ्यायलाच हवी हे ठरले. बहुतेकजण केवळ आरंभ जुळवतात. पहिले नृत्य नीट दिसते आणि तासाभराने ओठ, हात, पाय सगळे सैल होत जाते, ते याच कारणाने.

खूण कशाने घ्यायची, यावर मी बराच विचार केला. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडवावा, ही सर्वांत आधी सुचणारी युक्ती, पण ती येथे उपयोगाची नाही. २५ फ्रेमच्या वेगाला शटर एक पन्नासांश ठेवले, तर प्रत्येक फ्रेमच्या ४० मिलिसेकंदांपैकी २० मिलिसेकंदच संवेदक उजेड घेत असतो. फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी टिकतो. तो उरलेल्या २० मिलिसेकंदांत उडाला, तर त्या कॅमेऱ्याला तो दिसतच नाही. आणि संवेदक वरून खाली ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे अधूनमधून चित्राचा अर्धाच भाग उजळलेला मिळतो. याउलट, दिवा लावून तो लागलेलाच ठेवला, तर तो कोणत्याच कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. ज्या फ्रेममध्ये तो प्रथम दिसतो ती खूण. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून थोडे सामान आणले आणि एक लहानसा डबा तयार केला. प्लॅस्टिकच्या डब्याच्या चारही बाजूंना प्रखर पांढरे एलईडी, आत एक बझर, एक बॅटरी, आणि या सगळ्यांना मिळून एकच बटण. बटण दाबले की उजेड आणि आवाज एकत्र सुरू होतात आणि बोट उचलेपर्यंत चालू राहतात. लाकडी क्लॅपमध्ये दोन पट्ट्या टेकल्या तो क्षण लांबच्या कॅमेऱ्यातून नीट दिसत नाही. अंधारात लागलेला दिवा सभागृहाच्या शेवटच्या रांगेतूनही स्पष्ट दिसतो.

कार्यक्रमाच्या दिवशी सुताराच्या टेपने अंतरे मोजली. मिररलेस कॅमेरा शेवटच्या रांगेमागे, मधोमध, पडद्याच्या रेषेपासून २१ मीटरवर. हँडीकॅम उजव्या विंगेजवळ, वादकांकडे तोंड करून. माझा फोन रंगमंचाच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पडद्याच्या पुढच्या पट्टीसकट सारा मंच आडवा दिसेल असा. फोन विमान अवस्थेत टाकला, पॉवर बँक लावली, आणि तिसऱ्या घंटेच्या आधीच सगळी यंत्रे सुरू केली. लाइटवाल्या दादांना आधी सांगून ठेवले होते.

"मॅडम, ब्लॅकआउट किती वेळ ठेवू?"

"चार-पाच सेकंद पुरे, दादा. दिवा विझला की तुमचा नेहमीचा क्यू घ्या."

वर्गातली मोठी मुलगी सानिका डबा घेऊन पडद्यापुढे आली. "काकू, डोक्यावर धरू की छातीशी?" तिने आधी विचारले होते, डोक्यावर धरल्यास कोपऱ्यातल्या फोनच्या चौकटीबाहेर गेला असता, म्हणून छातीशी धरायला सांगितले. अंधार झाला, डब्याचा दिवा लागला, बझर वाजला, आणि प्रेक्षकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असावा, कारण काहींनी टाळ्याही वाजवल्या. शेवटी द्रुत तीनतालातल्या सामूहिक तत्कारानंतर, पडदा पडल्यावर, हेच पुन्हा केले.

मध्यंतरात एकही यंत्र बंद केले नाही. मिररलेसला मात्र थांबवावे लागणार होते. अनेक कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर आपोआप थांबतात. अर्ध्या तासाहून अधिक चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्यावर युरोपीय संघात जास्त जकात लागत असे, तेव्हापासूनची ही मर्यादा माझ्याही कॅमेऱ्यात आहे. तो मध्येच नृत्यात थांबण्यापेक्षा मी स्वतःच थांबवून लगेच पुन्हा सुरू करत होते, आणि ते नेहमी निवेदन चालू असतानाच करत होते. निवेदनच का, याचे कारण संकलनाच्या टेबलावर कळते.

आवाजावरून जुळवणारी प्रणाली दोन ध्वनिलहरी एकमेकींवर सरकवत जाते आणि कुठे त्या सर्वांत अधिक मिळतात ते शोधते. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत ही सोय आहे, केडेनलाइव्ह या पूर्णपणे मुक्त प्रणालीतही आहे, आणि दोन्ही चांगले काम करतात. पण तबल्याचा ठेका हा मुळातच पुन्हा पुन्हा येणारा असतो. तीनतालाच्या १६ मात्रांचे आवर्तन २४० च्या लयीत ४ सेकंदांत पुरे होते आणि मग तेच पुन्हा सुरू होते. संवादिनीवरचा लेहरा, म्हणजे सतत वाजणारी एकच धून, हीसुद्धा त्याच मापाने फिरते. अशा आवाजाच्या दोन लहरी एका आवर्तनाच्या अंतराने सरकवल्या, तरी त्या जवळजवळ तितक्याच चांगल्या जुळतात. रिझॉल्व्हने एका तुकड्याला खरोखरच नेमके एक आवर्तन पुढे नेऊन बसवले होते, आणि गंमत अशी की सम समेवर होती, ठेका ठेक्यावर होता, केवळ नृत्यातला तोडा (बोलांचा छोटा तुकडा) चुकीच्या आवर्तनात होता. निवेदनाचे तसे नसते. कोणतेही वाक्य स्वतःला तंतोतंत दुसऱ्यांदा म्हणत नाही, त्यामुळे त्याची जुळणी एकाच ठिकाणी होते. मी प्रत्येक तुकड्यातला निवेदनाचा भाग तेवढा जुळणीसाठी दिला आणि हा प्रश्न संपला.

पायांचा आवाज डोळ्यांनी तपासायचा असेल, तर आणखी एक अडचण येते. एकेका पायात शंभराहून अधिक घुंगरे असतात, आणि त्यांच्या आवाजाची लहर पडद्यावर सलग पट्ट्यासारखी दिसते; त्यात पाऊल नेमके कुठे पडले ते सापडत नाही. बाउंडरी माइकच्या मुद्रणाची एक प्रत काढून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत २०० हर्ट्झच्या वरचा आवाज गाळला, तेव्हा घुंगरे विरली आणि लाकडी मंचावर पडलेल्या तळव्यांचे ठोके वेगवेगळे उभे राहिले. ही प्रत ऐकण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी. तिच्याशी कोपऱ्यातल्या फोनचे चित्र ताडून पाहिले : एका फ्रेममध्ये टाच उचललेली, पुढच्या फ्रेममध्ये तळवा सपाट आणि साडीचा काठ खाली येताना किंचित फाकलेला, आणि ठोक्याचा चढ बरोबर त्याच फ्रेमच्या पोटात. ५० फ्रेमचा वेग घेतल्याचे मला या ठिकाणी समाधान वाटले.

मागच्या कॅमेऱ्याची गोष्ट याहून अवघड, आणि ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. आवाज हवेत २० अंश तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एका फ्रेमच्या ४० मिलिसेकंदांत तो पावणेचौदा मीटर जातो. २१ मीटर जायला त्याला साधारण ६१ मिलिसेकंद, म्हणजे दीड फ्रेम लागते. मागच्या कॅमेऱ्याने पाय पडताना पाहिला त्याच क्षणी, पण त्याच्या माइकने तो ऐकला दीड फ्रेम उशिरा. प्रणालीने या उशिरा आलेल्या आवाजाला मंचावरच्या माइकच्या आवाजाशी जुळवले, म्हणजेच अख्खी फाइल दीड फ्रेम अलीकडे ओढली, आणि तिच्याबरोबर चित्रही ओढले गेले. आता मागच्या कॅमेऱ्यात पाय आवाजाच्या दीड फ्रेम आधी पडतो. एकटा तो कॅमेरा पाहिला तर हे खपून जाते. पण पायांच्या कॅमेऱ्यावरून त्याच्यावर आणि परत असे चौगुनीत दोनदा गेले, की लय अडखळल्याचा भास होतो आणि दोष नाचणारीचा वाटतो. म्हणजे आवाज अचूक जुळला म्हणूनच चित्र चुकले.

येथे डब्यातल्या दिव्याने निर्णय दिला. मागच्या कॅमेऱ्याच्या मूळ फाइलीत दिवा पहिल्यांदा दिसतो त्या फ्रेमच्या आरंभापासून बझरच्या लहरीचा पहिला उभा चढ मोजला, तर तो दीड फ्रेमच्या आसपासच निघाला, टेपच्या मापाशी मिळता. निवेदनाचा आवाज ज्या स्पीकरमधून येत होता तेही पडद्याच्या रेषेतच उभे होते, म्हणून मधल्या तुकड्यांनाही तेच माप लागू पडले. चित्र अर्ध्या फ्रेमने सरकवता येत नाही, ते पूर्ण फ्रेमनेच सरकते; तेव्हा एक की दोन, हे प्रत्येक तुकड्यात पदाघाताच्या ठोक्याशी ताडून ठरवले. जेनलॉक नसल्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्याची फ्रेम आपापल्या क्षणी सुरू होते आणि जास्तीत जास्त अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे २० मिलिसेकंदांचा, फरक उरतोच. तो कमी खर्चात काढता येत नाही, आणि माझ्या मते काढण्याची गरजही नाही.

हँडीकॅमच्या बाबतीत दोन कामे होती. तो लांबलचक चित्रीकरणाचे स्वतःच तुकडे करतो. ते सुटे सुटे आत घेतले तर सांध्यावर काही फ्रेम गळू शकतात, म्हणून आधी मूळ प्रवाह सलग जोडून घेतला. मग त्याची चाल. दोन तासांहून थोड्या अधिक वेळात तो चार फ्रेम मागे पडला होता, घरच्या परीक्षेच्या अंदाजाजवळच. फाइलीचा वेग बदलून हे दुरुस्त करावे, असे वाटणे साहजिक आहे, पण मी वापरते त्या प्रणालीत वेग दोन दशांश स्थळांपर्यंतच देता येतो. शंभरऐवजी १००.०१ टक्के म्हणजे दहा लाखांत १०० भाग, आणि मला हवे होते २२. औषधच रोगापेक्षा मोठे झाले असते. त्याऐवजी दोन नृत्यांच्या मधल्या अंधारात फाइल कापली आणि पुढचा भाग एकेक फ्रेम अलीकडे घेतला. चार ठिकाणी असे केले की शेवटचा दिवा दिव्यावर येऊन बसला, आणि त्या वेळी चित्र दुसऱ्याच कॅमेऱ्याचे असल्याने प्रेक्षकाला काहीच कळत नाही.

पालकांच्या फोनची फाइल बदलत्या फ्रेमदराची होती. ती हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रणालीतून स्थिर २५ फ्रेममध्ये उतरवली, त्यामुळे ती इतरांबरोबर राहू लागली, पण ३० वरून २५ करताना दर सहा फ्रेममागे एक गळते आणि चक्करांमध्ये ओढणीचा घेर तुटक दिसतो. तिच्यातून प्रेक्षकांचे चेहरे आणि वादकांना केलेला नमस्कार तेवढा घेतला. तो नमस्कार फार सुंदर आला आहे.

संकलन झाल्यावर ताईंना घरी बोलावून दाखवले. तीनतालातली एक लडी (पायांच्या बोलांची साखळी) त्यांनी तीनदा पाहिली, हाताने ताल धरून, ओठांत पढंत, म्हणजे तेच बोल, म्हणत. मग रांगेतल्या तिसऱ्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही बघ, बरोबर समेवर आहे. मागच्या वर्षीच्या व्हिडिओत हीच मला घाईत दिसली होती, आणि मी तिला वर्षभर लय सांभाळ म्हणून सांगत राहिले." मागच्या वर्षीचे चित्रीकरण शेवटच्या रांगेतल्या एकाच कॅमेऱ्याचे होते, आणि त्यावर आवाज मिक्सरमधला चढवलेला होता. ती फाइल मी त्याच रात्री काढली, चित्र दीड फ्रेमच्या जवळपास म्हणून आधी एक आणि मग दोन फ्रेम पुढे सरकवून पाहिले, आणि ती मुलगी त्यातही समेवर होती. ताईंना तसा तुकडा पाठवला.

आता प्रत्येक कार्यक्रमाच्या फोल्डरमध्ये एक साधी लिखित फाइल ठेवते : कोणता कॅमेरा पडद्याच्या रेषेपासून किती मीटरवर होता, आरंभीचा दिवा कोणत्या फ्रेमला आणि शेवटचा कोणत्या, कोणाला किती फ्रेम सरकवले आणि कुठे. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात वर्गाचा पुढचा कार्यक्रम करण्याचे ताईंच्या मनात आहे. तिथे मागचा कॅमेरा आणखी लांब जाईल, म्हणून तालमीच्या दिवशीच टेप आणि डबा घेऊन जाण्याचे सानिकाने आणि मी ठरवले आहे.